येझदीची मान

सकाळी ५.५०

नोव्हेंबरात या वेळी नीरेवरचं धुकं भोरच्या खालच्या गल्ल्यांत शिरलेलं असतं. पत्र्याची पडवी, पुढं कडप्प्याचा ओटा. पडवीत लाकडी ठोकळ्यावर येझदी टेकवलेली आहे. येझदी म्हणजे तिचं जेवढं जागेवर राहिलंय तेवढं: चेसिस, इंजिन, मागचं चाक. पुढचं चाक, फोर्क, हँडल आणि टाकी अंगावर नाहीत. टाकी माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलीय.

मिस्त्री दात घासत बाहेर येतात आणि मोबाईल बघतात. आज गुरुवार. दुरुस्तीसाठी साडेनऊपासून लाईट बंद राहणार, असा मेसेज आलाय.

"साडेनऊच्या आत लेथचं काम उरकायला पाहिजे," ते म्हणतात. दिवसाचं वेळापत्रक तेवढ्यावर ठरतं. विजेची कामं आधी, हाताची नंतर.

६.३०

चहा. वहिनी कप ओट्यावर ठेवतात, पाना सरकवून.

गाडी १९८६ ची रोडकिंग. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. या कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि पुढं येझदी बाहेर पडत राहिल्या. १९९६ मध्ये तो बंद झाला. रोडकिंग म्हणजे २४८.५ सीसी, टू-स्ट्रोक. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. डाव्या बाजूला एकच दांडी: आत दाबून मागं फिरवली की किक, पुन्हा पुढं आणली की तोच गिअर. नवख्या माणसाला हे दाखवताना मिस्त्रींना अजून मजा वाटते.

मालक पुण्यात कोथरूडला राहतात. गाडी त्यांच्या वडिलांची. त्यांना ती घेऊन वरंधा घाटातून महाडला उतरायचंय. टू-स्ट्रोक गाडी उतारावर इंजिननं फारशी आवरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. येझदीचा पुढचा ड्रम ब्रेक नवा होता तेव्हाही बेताचाच होता. म्हणून पुढं डिस्क. सहा व्होल्टचा दिवा घाटात मिणमिणतो, म्हणून बारा व्होल्ट आणि एलईडी. प्लॅटिन पॉइंट ऐन रस्त्यात दगा देतात, म्हणून बिनपॉइंटचं सीडीआय इग्निशन.

मला स्वतःला जुन्या गाडीला डिस्क पाहवत नाही. पण घाट मी उतरणार नाहीये.

७.१०

हिर्डस मावळातून दूध घेऊन आलेला एकजण स्प्लेंडर लावतो. दोन्ही बाजूंना कॅन. क्लच केबलच्या तीन तारा तुटल्यात, एकच धागा उरलाय. मिस्त्री येझदीचं सोडून उठतात. केबल ११० रुपये, बसवायचे ५०. दहा मिनिटं. दूधवाला दीडशे देतो आणि म्हणतो, "दहा उद्या." मिस्त्री मान डोलावतात. घरातलं रोजचं तेल-मीठ अशा गाड्यांवर चालतं. येझदीसारखं काम वर्षातून तीन-चारदा येतं.

७.४०

भाचा येतो. आयटीआय केलेला, शिरवळच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार. या आठवड्यात त्याची दुसरी पाळी आहे, म्हणून सकाळ मामाकडं. मामा अर्ध्या दिवसाचे तीनशे देतो.

आज मान बसवायची. चेसिसच्या पुढच्या टोकाला जी तिरकी उभी नळी असते, जिच्यातून हँडलची दांडी खाली उतरते, तिला इथं मान म्हणतात. जुन्या येझदीत तिच्या वर-खाली कोनसेट असतो आणि त्यात सुटे छर्रे. मिस्त्रींनी काल तो काढला. छर्रे एका डबीत मोजून ठेवलेत. नवा फोर्क पल्सरचा आहे, जुन्या बाजारातून आणलेला, सरळ आणि बिनगळतीचा. त्याची दांडी बारीक. पल्सरची दांडी, येझदीची मान आणि दुकानात मिळणारं टेपर बेअरिंग, या तिघांचं माप एकमेकांशी जुळत नाही. मध्ये काहीतरी घालायला हवं, आणि ते कुठल्याच दुकानात मिळत नाही.

मिस्त्री मानेत बोट फिरवतात. मग व्हर्नियर. मग पुन्हा बोट.

"खाली जरा लंबगोल झालीय."

भाचा तीन ठिकाणी मोजतो. एका दिशेला माप सहा शतांश मिलिमीटरनं जास्त भरतं. तो मामाकडं बघतो. कंपनीत एवढ्या फरकावर तो रोज माल बाजूला काढतो.

वहीच्या पानावर पेन्सिलनं चित्र निघतं. दोन बुश, म्हणजे बेअरिंगची घरं. बाहेरून मानेत घट्ट, आतून बेअरिंगला बसतील असे. आणि एक स्पेसर, कारण पल्सरची दांडी येझदीच्या मानेपेक्षा उंच आहे.

"चेसिस घासून गोल केली तर?" मी विचारतो.

"चेसिसला हात लावायचा नाही. बुश बदलता येतो."

त्यांच्या कामाचा हा एकच कडक नियम. चेसिसला करवत नाही, वेल्डिंग नाही, नवीन भोक नाही. काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून गोणपाटात. मालकांनी उद्या मूळ गाडी परत मागितली तर दोन दिवसांत उभी करता आली पाहिजे. यात भावनेपेक्षा व्यवहार जास्त आहे. भोरच्या राजवाड्यावर शूटिंग होत असतात आणि शूटिंगवाल्यांना जुनी गाडी जशीच्या तशी लागते. शिवाय चेसिस नंबर आणि इंजिन नंबरच्या आसपास घासल्याची खूण दिसली की आरटीओत प्रश्न सुरू होतात.

८.२५

लेथवाल्याकडं. मिस्त्रींची स्वतःची गाडी जुनी एम-८०. मागं भाचा, मांडीवर फोर्कची दांडी धरून.

लेथवाला ट्रॅक्टरचं एक काम चढवून बसलाय. भात काढणीचे दिवस, मळणीयंत्रांचे शाफ्ट आणि पुल्या रांगेत पडल्यात. येझदीचा नंबर चौथा. मिस्त्री वाद घालत नाहीत. चार चहा सांगतात, चाळीस रुपये. एक पुली लेथवाला स्वतःहून मागं सरकवतो.

ईएन-८ चा रॉड वजनावर, २४० रुपये. करवतीच्या मशिनवर तुकडा पडतो. चकमध्ये आवळला जातो. पहिला काट खडबडीत, निळसर वेटोळी चिप गरम होऊन खाली पडते. पाण्यात कालवलेलं कूलंट दुधासारखं ओघळतं. लेथवाला बोलत नाही. मिस्त्रीही नाहीत. बोलतो फक्त भाचा: "मामा, बाहेरून चार शतांश जास्त ठेवू. लंबगोल आहे, तीन कमी पडतील."

मिस्त्री लेथवाल्याकडं बघतात. लेथवाला भाच्याकडं बघतो, मायक्रोमीटर त्याच्या हातात देतो आणि बाजूला होतो. शेवटचा काट भाचा मारतो. काट इतका बारीक की चिप दिसतसुद्धा नाही, नुसती चमक येते.

दोन बुश, एक स्पेसर. सातशे.

९.२५

पाच मिनिटं हातात ठेवून परत. मिस्त्री थेट स्वयंपाकघरात जातात. दोन्ही बुश प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजरमध्ये. लोखंड गार झालं की आकसतं, तेवढ्यात मानेत सरकवायचं. ही गोष्ट वहिनींना माहीत आहे आणि पसंत नाही.

"मटारावर ठेवू नका," त्या आतून सांगतात.

९.४०

लाईट जाते. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज एकदम थांबतो.

आता चाक. मूळ अठरा इंची रिम ठेवायची, मालकांचा हट्ट. अलॉय व्हील नको, गाडी लांबून येझदीच दिसली पाहिजे. पण डिस्क लावायची तर डिस्कचा हब हवा. तो अव्हेंजरचा, तिला पुढं आऱ्यांचं चाक आणि डिस्क दोन्ही असतं. रिम म्हैसूरची, हब बजाजचा. जुने आरे लांबीला बसत नाहीत. पुण्यात नाना पेठेत मापानं कापून, आटे पाडून ३६ आरे आणले. एक आरा बारा रुपये, निप्पलसकट. जायचं-यायचं एसटीचं भाडं वेगळं आणि दिवस मोडला तो वेगळा.

मिस्त्री मांडी घालून बसतात. हब मधोमध, रिम भोवती, दोन्ही जमिनीवर. आधी आतून बाहेर जाणारे नऊ आरे. मग बाहेरून आत येणारे नऊ. मग उलटी बाजू. प्रत्येक आरा तीन आऱ्यांना ओलांडून जातो. पहिला चुकला तर चूक पस्तिसाव्याला कळते. त्यामुळं पहिल्या आऱ्याला पाच मिनिटं लागतात आणि शेवटच्या दहांना मिळून पाच.

निप्पल आधी नुसते बोटानं. मग सगळे एकेक फेरा. मग अर्धा.

१०.३० ला चाक चाकासारखं दिसतं. पण खरं काम इथून पुढं. जुन्या फोर्कचे दोन पाय शिकंज्यात उलटे धरलेत, त्यात चाक अडकवतात. रिमजवळ एक खिळा. चाक फिरवलं की रिम कुठं खिळ्याला घासते, कुठं लांब जाते. घासते तिथं समोरच्या बाजूचे आरे ताणायचे, या बाजूचे सोडायचे. याला आउट काढणं म्हणतात. आधी डावा-उजवा आउट, मग वर-खाली. एक सुधारला की दुसरा थोडा बिघडतो. मिस्त्री स्पोकच्या पान्यानं पाव फेरा देतात, चाक फिरवतात, कान लावतात. पान्यानं आऱ्यांवर टकटक करत जातात. सैल आरा बद्द वाजतो.

डोळ्यानं बघून काढलेला आउट मी पाहिला आहे, आवाजावर काढलेला आज पाहिला. दीड तास. खिळा आणि रिम यांच्यामध्ये आता पोस्टकार्ड जातं, सगळीकडं सारखं.

या कामाचे पुण्यात किती घेतात? भाचा मोबाईलवर बघून सांगतो. मिस्त्री ऐकतात आणि काही बोलत नाहीत.

१२.१५

बुश बाहेर. पिशवीवर दव धरलंय. भाचा गॅसच्या बत्तीनं मान शेकतो, ज्योत एका जागी ठेवत नाही. मिस्त्री थुंकी लावलेलं बोट मानेजवळ नेतात. चर्र. पुरे.

खालचा बुश हातमोज्यानं उचलून सरळ धरतात. सागाचा ठोकळा, वरून हातोडा. टक. टक. तिसऱ्या ठोक्याला आवाज बदलतो, भरीव होतो. बसला. सगळं मिळून वीस सेकंद. वरचा दुसऱ्या ठोक्यालाच बसतो.

आता तो निघायचा तर पुलर लागेल. भाचा आतून बोट फिरवतो. यावेळी व्हर्नियर मागत नाही.

१२.४०

मालकांचा फोन. स्पीकरवर.

"मिस्त्री, सीडीआयचं किट मला ऑनलाइन साडेसहा हजारांना दिसतंय. डिस्कचा सेटही तुम्ही जुना घेतलात. मग फिटिंगचे अठ्ठावीस हजार जरा..."

"साहेब, घेतलेला एकही पार्ट या गाडीचा नाही. मधलं सगळं मला बनवायचंय."

"हो, पण मधलं म्हणजे काय?"

मिस्त्री मानेकडं बघतात. तिथं दाखवण्यासारखं काही नाही. बुश आत गेला, बाहेरून त्याची दोन मिलिमीटरची कड दिसते.

"या रविवारी. दाखवतो."

नवी येझदी २०२२ च्या जानेवारीत पुन्हा बाजारात आली. ३३४ सीसी, फोर-स्ट्रोक, पाण्यानं गार होणारं इंजिन, बटण स्टार्ट. ती घेतली असती तर असे फोन करावे लागले नसते. मालक आणखी एक विचारतात: आरटीओचं काय? मिस्त्री सांगतात ते बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. "म्हणून तर सगळं परत काढता येईल असं करतोय. सायलेन्सरची जाळी मात्र काढणार नाही, तुम्ही कितीही सांगा. आणि नवी नंबरप्लेट लावून घ्या, ५३१ रुपये."

१.२०

जेवण. इंद्रायणीचा नवा भात, आमटी, मटारची उसळ. मटारावर कोणी काही बोलत नाही.

२.१०

भाचा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडतो. कंपनीची बस अडीचला नाक्यावर. तीनशे रुपये तो मोजत नाही, कारण दोनशे आणि शंभर अशा दोनच नोटा आहेत. रात्री साडेअकरापर्यंत तो एका मशिनसमोर उभा राहणार. कुठल्या गाडीचे भाग, ते त्याला विचारलं तर पार्टचा नंबर सांगतो.

२.३०

लाईट अजून नाही. पल्सरची टी, म्हणजे फोर्कचे पाय धरणारा भाग, दोन्ही पाय, टेपर बेअरिंगला बोटांनी दाबून भरलेलं ग्रीस. सगळं मानेतून वर जातं. स्पेसर, नट. नट किती आवळायचा हे पान्यानं ठरत नाही. पुढचं चाक हवेत ठेवून हँडल मधोमध सोडायचं. ते आपल्या वजनानं अलगद एका बाजूला पडलं पाहिजे. अडखळलं तर घट्ट, आपटलं तर सैल.

नवा फोर्क जुन्यापेक्षा लांब भरतो. तसाच ठेवला तर गाडीचं तोंड वर उचलेल, वळणावर ती जड जाईल. मिस्त्री दोन्ही पाय टीमधून वीस मिलिमीटर वर सरकवतात, पट्टी लावून, दोन्हीकडं सारखे. बाहेरून पाहणाऱ्याला हे कधी कळणार नाही.

३.३०

डायनॅमो निघून गेला. आर्मेचर, फिल्ड कॉइल, कार्बन ब्रश, सगळं गोणपाटात. त्या जागी किटचा चुंबकाचा रोटर आणि स्टेटर प्लेट. टायमिंग बघायला मिस्त्रींचं स्वतःचं हत्यार आहे: जुन्या स्पार्क प्लगचं पोट पोखरून त्यातून सळई घातलेली. प्लगच्या जागी ते फिरवून बसवलं की पिस्टन सळईला वर ढकलतो. सळईवर करवतीच्या दोन खुणा, तीन मिलिमीटर अंतरानं. पिस्टन वरच्या टोकाला आला की प्लगच्या कडेशी खालची खूण. मग इंजिन उलटं फिरवून वरची. स्पार्क इथं पडला पाहिजे. स्टेटर प्लेट खाचेत सरकवून रोटरची खूण जुळवतात आणि तीन स्क्रू आवळतात.

किटसोबत छापील कागद आला होता. तो इंग्रजीत आहे आणि त्यावर चहाचा कप ठेवलेला आहे.

४.५०

लाईट आली. गिरणी सुरू. सोल्डरिंग आयर्न तापायला ठेवतात. वायरिंग: रेग्युलेटर, बारा व्होल्टची छोटी बॅटरी, फ्लॅशर. एलईडी जुन्याच हेडलाइटच्या काचेमागं. जोडांवर आधी कापडी टेप असायची, आता आकसणारी नळी. मिस्त्री ती आगकाडीनंच आकसवतात.

शाळा सुटलेली दोन पोरं ओट्याशी उभी राहतात. "मामा, ही बुलेट?" उत्तर येत नाही.

६.०५

टाकी माळ्यावरून खाली येते. दोन लिटर पेट्रोल, २०८ रुपये. लिटरला ४० मिली या हिशेबानं ऑइल बाटलीत आधीच कालवलंय. डिस्कच्या नळीतून हवा काढायची राहिलीय: लिव्हर दाबा, निप्पल सोडा, बुडबुडा, निप्पल बंद, लिव्हर सोडा. लिव्हर दाबायला मला बसवतात. चाळीसेक वेळा दाबल्यावर ती दगडासारखी होते.

किक. काही नाही. पुन्हा. काही नाही. प्लग काढून हेडला टेकवतात. ठिणगी नाही.

मिस्त्री चिडत नाहीत, फक्त टोपी काढून ठेवतात. कॉइल बघतात, सॉकेट बघतात. मग अर्थच्या वायरीकडं येतात. वायर चेसिसला बोल्टनं आवळलीय आणि बोल्टखाली गेल्या आठवड्यात मारलेला प्रायमर आहे. रंगातून करंट जात नाही. कानशीनं रुपयाएवढी जागा उघडी करतात, बोल्ट परत. प्लगवर निळी, जाड ठिणगी टचकन पडते.

दुसऱ्या किकला इंजिन पेटतं. दोन्ही सायलेन्सरमधून पांढरा धूर. पोरं पळतात आणि परत येतात. येझदीचा आवाज गल्लीतल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला ओळखू येतो. समोरच्या घरातले एक काका दारात येऊन काही न बोलता बघत राहतात.

६.४५

ट्रायल. महाडच्या रस्त्यानं तीन-चार किलोमीटर, मडगार्डशिवाय. मी ओट्यावरच. पंचवीस मिनिटांनी उजेड गल्लीत आधी येतो, आवाज मागून. एलईडी भिंतीवर पांढराफेक पडतो.

"ब्रेक?"

"दोन बोटांनी." मग उतरून पहिलं काम: पुढचा ब्रेक दाबून धरतात, गाडी मागं-पुढं ढकलतात, डावा तळवा मानेवर. काहीतरी जाणवलं असावं. मला नाही जाणवलं. नट पाव फेऱ्याहून कमी आवळतात. पुन्हा तळवा. ठीक.

एकच राहिलं. अव्हेंजरच्या हबचा स्पीडोमीटरचा गिअर वेगळ्या प्रमाणाचा आहे. रस्त्यावर गाडी पन्नासला असावी तेव्हा येझदीचा जुना काटा तिशीत रेंगाळत होता.

८.४०

वही. लेथ ७००, रॉड २४०, भाचा ३००, ब्रेक ऑइल ९०, पेट्रोल २०८, टू-टी ऑइल ४०, चहा-वडापाव ८०. बेरीज १,६५८. जमेच्या बाजूला क्लच केबल, १५०, आणि कंसात "१० येणे". चाक विणण्याचे वेगळे लिहीत नाहीत, मान बसवण्याचेही नाहीत. ते अठ्ठावीस हजारांत.

कंपनीच्या चहाच्या सुट्टीत भाच्याचा फोन येतो. मिस्त्री स्पीडोमीटरचं सांगतात. मागून मशिनचा आवाज, तो ओरडून बोलतो: मध्ये दोन गिअरची छोटी पेटी बसवावी लागेल, दात मोजून कापायचे.

"कापशील?"

"रविवारी. पण साहेब त्याचे वेगळे देतील का?"

"तू माप काढ आधी."

आतून वहिनी: "अहो, फ्रिजर पुसून घ्या. बर्फाला ग्रीसचा वास येतोय."